पाचवी बॅटरी

[दृश्य : कौलांवरून ओघळणाऱ्या पागोळ्या. चिऱ्यांच्या भिंतीतील लाकडी दार.]

गोव्यातील सांगे तालुक्यात, नेत्रावळी अभयारण्याला लागून असलेल्या या वाड्यावर सात घरे आहेत आणि सातही घरांची सौर वीज या एका खोलीतील बॅटऱ्यांतून जाते. खोली मुळात कुळागरातील सुपारी साठवण्यासाठी बांधलेली आहे. चिऱ्यांच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौले आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या यांमुळे ती मे महिन्यातही आतून थंड राहते. लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, त्यामुळे याहून चांगली जागा वाड्यावर मिळाली नसती. पावसाळ्यातील ओलीसाठी मात्र बंदोबस्त करावा लागला. बॅटऱ्या जमिनीपासून दोन फूट उंच कट्ट्यावर ठेवल्या आहेत आणि प्रत्येक तारेच्या टोकाला कथिलाचा मुलामा दिलेला तांब्याचा लग, म्हणजे तार नटाखाली आवळण्याचे टोक, बसवला आहे, कारण उघडे तांबे येथे एका पावसाळ्यात हिरवे पडते.

[दृश्य : पडवीत ओळीने ठेवलेल्या जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या.]

या जुन्या बॅटऱ्यांनी वाड्याला काही वर्षे उजेड दिला. त्यांच्यात डिस्टिल्ड वॉटर घालावे लागे आणि क्षमतेच्या निम्म्याहून अधिक वीज काढायची नाही, हा नियम पाळावा लागे. त्यांना खरा मार बसला तो पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर ऊन पुरेसे पडत नाही. बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट चार्ज राहते आणि तिच्या आतील पट्ट्यांवर सल्फेटचा थर कडक होत जातो. आता बसवलेल्या लिथियम बॅटऱ्यांचे रसायन लिथियम आयर्न फॉस्फेट आहे. त्याला अर्धवट चार्जचे वावडे नाही, आणि गोव्यासारख्या प्रदेशात ते निवडण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. या रसायनावरचा मूळ शोधनिबंध १९९७ साली टेक्सास विद्यापीठातून पाढी, नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी प्रसिद्ध केला. गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटरीवरील कामासाठी २०१९ चे नोबेल मिळाले. पहिली दोन नावे क्वचितच घेतली जातात, म्हणून ती येथे मुद्दाम घेतली आहेत.

[दृश्य : भिंतीवरील जुन्या जोडणीच्या खुणा, रिकामी भोके.]

पहिल्या खेपेस आमच्या गटाने येथे दोन लिथियम बॅटऱ्या आणि एक इन्व्हर्टर बसवला होता. दोन आहेत म्हणजे एक बंद पडली तरी दुसरी आहेच, असे आम्ही धरून चाललो आणि तेथेच चुकलो. एका बॅटरीचा लग किंचित सैल राहिला होता. त्यामुळे जवळजवळ सगळा भार दुसरीवर येत राहिला आणि जुलैतल्या एका संध्याकाळी तिचा सर्वांत दुबळा सेल तळाला गेला. बॅटरीतील रक्षक यंत्रणेने, म्हणजे बीएमएसने, ती तोडली. त्याच क्षणी पंपासह सगळा भार सैल जोडणीच्या पहिल्या बॅटरीवर आला, तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कोसळला आणि तीही तुटली. सकाळी पॅनेलवर ऊन आले तरी काही उपयोग झाला नाही, कारण पॅनेलची वीज बॅटरीत भरणारा चार्ज कंट्रोलर जागा होण्यासाठीही बॅटरीचाच दाब लागतो. वाडा चार दिवस अंधारात राहिला आणि एका घरातील फ्रिजमध्ये ठेवलेले इन्सुलिन टाकून द्यावे लागले.

[दृश्य : फळ्यावर खडूने मांडलेले गणित.]

म्हणून या वेळी गणित फळ्यावर, सगळ्या घरांसमोर मांडले. प्रत्येक घराला दिवसाला एक युनिट, म्हणजे सात घरांना सात युनिटे. ऊन नसलेले सलग दोन दिवस धरले तर चौदा. इन्व्हर्टरमध्ये सुमारे दहा टक्के वीज खर्च होते आणि बॅटरी ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त रिकामी करायची नाही असे ठरवले, तेव्हा चौदाचे साधारण साडेएकोणीस झाले. एका बॅटरीत ३.२ व्होल्टचे सोळा सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांचे होतात ५१.२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तासांच्या हिशेबाने ५.१२ युनिटे. चार बॅटऱ्यांत गरज भागते. पाचवी आहे ती, उरलेल्या चारांपैकी कोणतीही एक कधीही जाईल हे मान्य करून ठेवलेली.

खर्चाच्या कागदावरून सर्वांत आधी खोडली जाते ती हीच पाचवी बॅटरी, आणि ती खोडू नये यासाठीच हा चित्रपट केला आहे. विजेच्या हिशेबाइतकाच प्रवाहाचा हिशेब महत्त्वाचा आहे. येथे प्रत्येकी तीन किलोवॅटचे दोन इन्व्हर्टर आहेत. दोन्ही पूर्ण भाराने चालले तर १३० अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. एका बॅटरीचे बीएमएस शंभर अँपिअरला तोडते. पाचांपैकी तीन गेल्या तरी उरलेल्या दोघी हा प्रवाह वाटून पेलतात. इन्व्हर्टर आणि कंट्रोलर दोन दोन घेण्यामागेही हाच विचार आहे, कारण पाच बॅटऱ्या एकाच इन्व्हर्टरला जोडल्या असत्या तर वाड्याची वीज त्या एका इन्व्हर्टरच्या भरवशावर राहिली असती.

[दृश्य : जवळून. दोन हात, तारेवर दाबयंत्र, लगवर उमटलेला षट्कोनी ठसा.]

आता ज्या कामाला पूर्ण दोन दिवस लागले ते पाहा. प्रत्येक बॅटरीपासून तांब्याच्या पट्टीपर्यंत, म्हणजे बसबारपर्यंत, जाणारी तार सारख्याच लांबीची कापली आहे. जवळच्या बॅटरीची तार दीड हातात पुरली असती, तरी ती लांबचीइतकीच ठेवून वळसा दिला आहे. प्रवाह सोप्या वाटेने जातो. एक तार आखूड असली की ती बॅटरी रोज थोडी जास्त राबते आणि इतरांच्या आधी संपते. इन्व्हर्टरची धन तार पट्टीच्या एका टोकाला आणि ऋण तार दुसऱ्या टोकाला जोडली आहे तीही याचसाठी. नट टॉर्क पान्याने आवळून झाल्यावर नटापासून पट्टीपर्यंत ही लाल रंगाची रेघ ओढली. नट जरासा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, आणि ती पाहायला मीटर लागत नाही.

पाचही बॅटऱ्या जोडण्यापूर्वी एकेक करून पूर्ण चार्ज केल्या आणि मगच त्यांचे व्होल्ट जुळवले. या रसायनाचा दाब वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाट असतो. त्यामुळे मीटरवर सारख्या दिसणाऱ्या दोन बॅटऱ्यांच्या आत फार वेगवेगळी वीज असू शकते. पूर्ण भरलेल्या अवस्थेत मात्र फसगत होत नाही.

[दृश्य : प्रत्येक बॅटरीपुढील फ्यूज आणि खटका.]

प्रत्येक बॅटरीला स्वतःचा क्लास-टी फ्यूज आणि स्वतःचा डीसी खटका आहे. घरातील एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून खटका पडताच तिची ठिणगी विझते. बॅटरीची डीसी वीज शून्यावर येतच नाही. अशा संचात शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर वाहू शकतात. त्या प्रवाहापुढे साधा एमसीबी, म्हणजे घरातला नेहमीचा खटका, आतून वितळतो आणि ठिणगी जळतच राहते. क्लास-टी फ्यूज असा प्रवाह तोडू शकतो. चार्जिंग एका सेलमागे साडेतीन, म्हणजे ५६ व्होल्टला थांबते. इन्व्हर्टर ४८ व्होल्टला थांबतो, बीएमएस मात्र चाळीसच्या आसपास तोडते. मधल्या फरकात जी थोडी वीज शिल्लक राहते, तीच दुसऱ्या दिवशी कंट्रोलरला उठवते.

[दृश्य : दारात उभी आजी. तंत्रज्ञ कट्ट्याजवळ.]

“बाबा, मला एवढेच सांग, चवथीला लाईट राहणार ना?”

“राहणार, आजी. आत्ताच दाखवतो.”

[दृश्य : पंप, दोन मिक्सर, इस्त्री आणि सगळे दिवे-पंखे चालू. क्लॅम्प मीटर जवळून.]

भार सुमारे ३,३०० वॅट आहे आणि प्रत्येक बॅटरीच्या तारेवर मीटर १४ अँपिअर दाखवत आहे. तंत्रज्ञाने पहिला खटका खाली ओढला. उरलेल्या चार तारांवर आकडा साडेसतरा झाला. दुसरा ओढल्यावर तेवीस, तिसरा ओढल्यावर पस्तीस. दारावरचा बल्ब आणि आजीच्या डोक्यावरचा पंखा चित्रात आहेत.

[दृश्य : खटके पुन्हा वर. पाऊस. वहीचे पान.]

तिन्ही खटके वर करण्यापूर्वी प्रत्येक बॅटरीचे व्होल्ट मोजले, फरक पाव व्होल्टच्या आत असल्याची खात्री केली आणि ते आकडे वाड्यावरील आठवीतल्या मुलीने या वहीत लिहिले. पुढची मोजणी आणि नटांवरील लाल रेघांची पाहणी संकष्टीच्या दिवशी आहे.