बत्तिसाव्या वर्षीचा नवखा

श्रोतेहो, नमस्कार. वेगवान गोलंदाजानं तिशी ओलांडली की निवड समितीला त्याचे बळी दिसेनासे होतात, नुसते गुडघे दिसतात. ऑस्ट्रेलियाच्या स्कॉट बोलंडला कसोटीची टोपी मिळाली ती बत्तिसाव्या वर्षी. २०१६ मध्ये पर्थला भारताविरुद्ध तो पहिला एकदिवसीय सामना खेळला, असे १४ सामने झाले आणि मग परत व्हिक्टोरिया. स्थानिक क्रिकेट, मेलबर्नचं मैदान, षटकांमागून षटकं.

२०२१ चा डिसेंबर. ॲशेसची, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिकेची, तिसरी कसोटी मेलबर्नलाच. हेझलवूड जखमी, म्हणून बोलंड आत. पहिल्या डावात एकच बळी. इंग्लंड ८२ धावांनी मागे. दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ, उजेड उतरलेला, आणि स्टार्कनं लागोपाठ दोन चेंडूंवर दोन गडी काढलेले. मग चेंडू बोलंडकडे. हमीद यष्टीरक्षकाकडे झेल देऊन गेला. रात्र काढायला पाठवलेल्या लीचनं चेंडू सोडला, मागे दांडी गुल! दिवसअखेर चार बाद ३१. तिसऱ्या दिवशी सकाळी बेअरस्टो पायचीत. रूट, त्या वर्षी धावांची रास घालणारा रूट, पहिल्या स्लिपमध्ये वॉर्नरच्या हाती. वूडचा झेल बोलंडनं स्वतःच घेतला. रॉबिन्सनही गेला. चार षटकं, सात धावा, सहा बळी. पुन्हा सांगतो : सात धावा, सहा बळी! पहिले पाच बळी तर १९ चेंडूंत. इंग्लंड सर्वबाद ६८, डाव आणि १४ धावांनी पराभव. सामनावीराला मिळालं जॉनी मुलाघ पदक. मुलाघ हा १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या आदिवासी संघातला खेळाडू; आणि बोलंडही गुलिजान या आदिवासी समाजाचा.

यात वेग किती होता? फारसा नाही. पडद्यावर दर चेंडूचा वेग दाखवायची ही खोड लागल्यापासून, मला वाटतं, पोरं टप्पा विसरली. बोलंडचं भांडवल म्हणजे उभी शिवण, म्हणजे चेंडूवरची टाक्यांची उंचवट्याची ओळ, आणि टप्पा. मनगट चेंडूच्या बरोब्बर मागे, म्हणून शिवण सरळ राहते आणि टप्प्यावर पडून आत किंवा बाहेर जाते. मनगट कलंडलं की शिवण आडवी होते आणि चेंडू नुसता येतो. टप्पा असा की चेंडू ऑफ स्टंपच्या डोक्याला लागावा. थोडा पुढे पडला तर ड्राइव्ह, थोडा आखूड पडला तर स्टंपवरून जातो. शिवण आणि टप्पा, बस. गुडघे थकले तरी ही दोन टिकतात.

पण हे मोडता येतं. २०२३ मध्ये इंग्लंडचे फलंदाज क्रीझ सोडून पुढे आले, टप्पाच बिघडवला, खेळपट्टीही मदत करेना. दोन कसोटी, दोन बळी.

आपल्याला त्यानं २०२५ च्या जानेवारीत सिडनीला दाखवलं : सामन्यात १० बळी, आणि बॉर्डर-गावसकर करंडक दहा वर्षांनी ऑस्ट्रेलियाकडे. जुलैत जमैकाला, वेस्ट इंडिज २७ धावांत आटोपला तेव्हा, हॅटट्रिक. वय ३६.