गुन्हा दाखल झाला, पुढे काय?

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय 'धार्मिक भावना आणि कायदा' असा मोठा छापला आहे. त्यातला एकच तुकडा मी घेणार आहे. भावना दुखावल्याचा गुन्हा पोलीस ठाण्यात नोंदवला जातो, तिथपासून तो कोर्टात निकाली निघेपर्यंत काय काय घडतं, आणि लोकांचा राग या वाटेवर कुठपर्यंत सोबत करतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे सगळा जोर गुन्हा नोंदवून घेण्यावर खर्च होतो. ठाण्यासमोर ठिय्या, निवेदन, बंदची हाक, मग रात्री उशिरा गुन्हा दाखल, आणि घोषणा देत सगळे घरी. पुढचा खटला मात्र पोरका असतो.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. देवाची निंदा हा आपल्याकडे गुन्हा नाही. देव, प्रेषित, ग्रंथ यांना कायद्याचं थेट संरक्षण नाही. संरक्षण आहे ते माणसांच्या भावनांना, तेही अटींसह. जुन्या दंड संहितेतलं 295अ आता भारतीय न्याय संहितेत कलम 299 झालं आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दखलपात्र, अजामीनपात्र. त्यात दोन शब्द आहेत ज्यांच्यावर सगळा खटला उभा राहतो किंवा पडतो: हेतू 'जाणूनबुजून' असावा आणि 'दुष्ट' असावा. दोन्ही हवेत, एक चालत नाही. कोणी मूर्खपणाने, अज्ञानाने, खोडसाळपणे काही बोललं आणि तुमचं मन खरंच दुखावलं, तरी 299 लागेलच असं नाही. समोरासमोर कोणाला ऐकू जाईल असं बोलून भावना दुखावण्याचं वेगळं कलम आहे, जुनं 298, आता 302. त्यात शिक्षा एक वर्षापर्यंत आणि गुन्हा अदखलपात्र. प्रार्थनास्थळ किंवा पवित्र वस्तू विटाळण्याचं जुनं 295 आता 298 झालं. हे आकडे सांगतो कारण निवेदनांत आजही जुनी-नवी कलमं एकमेकांत मिसळलेली असतात. नव्या संहितेतलं 298 आणि जुन्यातलं 298 यांत फार अंतर आहे.

'दुष्ट हेतू' ही अट आली कुठून? 1924 साली लाहोरमध्ये पैगंबरांच्या खासगी आयुष्यावर एक पुस्तिका निघाली. प्रकाशकावर 153अ खाली, म्हणजे दोन समाजांत वैर पसरवल्याबद्दल, खटला चालला. 1927 च्या मे महिन्यात लाहोर हायकोर्टाने त्याला सोडलं. दिवंगत धर्मपुरुषावरची टीका या कलमात बसत नाही असं न्यायमूर्तींचं मत पडलं. त्यावर मोठा क्षोभ उसळला आणि सरकारने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 295अ आणलं. ज्या निवड समितीने मसुदा तपासला तिच्यापुढे प्रश्न होता की समाजसुधारणेसाठी धर्मावर कठोर लिहिणाऱ्याचं काय करायचं. प्रामाणिक टीकाकाराला या कलमाचा फटका बसता कामा नये, हे जिनांनी सभागृहात आवर्जून मांडलं. म्हणून हेतूची अट इतकी घट्ट ठेवली. प्रकाशकाला मात्र कायदा वाचवू शकला नाही. 6 एप्रिल 1929 ला त्याचा दुकानातच खून झाला आणि खुन्याला त्याच वर्षी फाशी झाली. क्षोभ शांत करायला आणलेला कायदा क्षोभ शांत करू शकला नाही, हे पहिल्या दोन वर्षांतच दिसलं होतं.

आता हीच तारीख महाराष्ट्राकडे वळवून बघा. सप्टेंबर 1927 ला हे कलम आलं आणि 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. भावना दुखावल्या नसतील? निश्चित दुखावल्या. पुढे 2 मार्च 1930 ला आपल्या पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दारं बंद झाली, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांच्या लोकांनी मार खाल्ला. मंदिरात प्रवेश मागणं हाच त्या काळी अनेकांच्या लेखी धर्माचा घोर अपमान होता. लढा 1935 पर्यंत चालला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याची घोषणा झाली. केवळ 'भावना दुखावली' एवढीच कसोटी असती, तर काळारामच्या दारातला प्रत्येक सत्याग्रही गुन्हेगार ठरला असता. ज्यांना हेतूची अट काढून टाकायची आहे त्यांनी हे गणित नाशिककरांसमोर तरी मांडून दाखवावं.

स्वातंत्र्यानंतर या कलमालाच आव्हान दिलं गेलं. 1957 साली रामजीलाल मोदी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी ते कायम ठेवलं, आणि त्याच वेळी मर्यादाही आखली: हे कलम फक्त अपमानाच्या उग्र प्रकाराला लागतं, जो सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याकडे झुकतो. साठ वर्षांनी, 20 एप्रिल 2017 ला, महेंद्रसिंग धोनीला एका मासिकाच्या मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवल्याचं अनंतपूरचं प्रकरण कोर्टाने रद्द केलं. बेसावधपणे, निष्काळजीपणाने झालेला अपमान या कलमात येत नाही, असं त्यात नि:संदिग्ध लिहिलं आहे.

मग अपमान मोजायचा कोणाच्या मनाने? याचं उत्तर नागपूरने दिलंय, याचा आपल्याला थोडा अभिमान असायला हरकत नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर हायकोर्टात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी एका वृत्तपत्राच्या राजद्रोहाच्या प्रकरणात कसोटी घातली: शब्दांचा परिणाम समंजस, कणखर, धीट माणसाच्या नजरेतून मोजायचा; प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या कमकुवत मनाच्या माणसाच्या नजरेतून नाही. कवी इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा जामनगरचा गुन्हा 28 मार्च 2025 ला सुप्रीम कोर्टाने रद्द केला, त्यात ही नागपूरची कसोटी पुन्हा आली. त्या गुन्ह्यात 299 आणि 302 ही दोन्ही कलमं होती.

याच निकालातला दुसरा भाग ठाण्यातल्या अधिकाऱ्याच्या रोजच्या कामाचा आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे तपास आणि खटल्याची रीत ठरवणाऱ्या कायद्याचं, कलम 173(3) म्हणतं की तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाची परवानगी घेऊन 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. बोलण्या-लिहिण्याचा गुन्हा असेल तेव्हा ही चौकशी करणंच योग्य, असं कोर्टाने सांगितलं. पण हजार माणसांचा जमाव दारात असताना 'चौदा दिवस थांबा' हे वाक्य ठाणे अंमलदाराने उच्चारायचं कसं? तिथेच सगळं बिनसतं. गर्दी हटवण्यासाठी गुन्हा नोंदवला जातो आणि घाईत जे सुटतं ते पुढे खटल्याला भोवतं.

काय काय सुटतं? पहिलं, मूळ मजकूर. व्हॉट्सअॅपचं स्टेटस चोवीस तासांत आपोआप जातं. तक्रारदार हातात घेऊन येतो तो तिसऱ्याने पाठवलेला स्क्रीनशॉट: वेळ नाही, खात्याचा दुवा नाही, आधीचं-नंतरचं संभाषण कापलेलं. संदेश टोकापासून टोकापर्यंत सांकेतिक असल्याने कंपनीकडे मजकूर मागून मिळत नाही. तो मिळाला तर मोबाइलमध्येच. म्हणून मोबाइल रीतसर जप्त व्हावा लागतो, पंचनाम्याबरोबर जप्तीचं चित्रीकरण व्हावं लागतं. दुसरं, प्रमाणपत्र. साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) खालचं प्रमाणपत्र दोन भागांत असतं, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचं आणि एक तज्ज्ञाचं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, लिहावं लागतं. जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात 2020 साली सुप्रीम कोर्टाने असं प्रमाणपत्र बंधनकारक ठरवलं. मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी, पण ते क्वचित होतं. मूळ उपकरणही नाही आणि प्रमाणपत्रही नाही, तर पुराव्यात राहतो नुसता कागद.

तिसरी चूक सगळ्यांत महाग पडते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 217 नुसार 299 च्या गुन्ह्याची कोर्टाने दखल घेण्यापूर्वी, म्हणजे खटला चालवायला घेण्यापूर्वी, सरकारची मंजुरी लागते. गुन्हा नोंदवायला लागत नाही, तपासाला लागत नाही, पण कोर्टाने दखल घ्यायची तर लागते. 1999 साली मनोज राय प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मंजुरीअभावी कारवाई रद्द केली. मंजुरीचा प्रस्ताव नीट जायचा तर पूर्ण मजकूर, त्याचा अनुवाद, तपासाचे कागद आणि हेतू कशावरून दिसतो याचं टिपण लागतं. नुसतं 'समाजात तीव्र नाराजी' लिहून भागत नाही, नाराजी हा हेतूचा पुरावा नव्हे. त्यातच तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याला दखल घेण्याची मुदतही तीनच वर्षांची आहे. मंजुरीला गेलेला काळ त्यातून वजा होतो, प्रस्ताव जाण्याआधी फाइल ठाण्यात पडून राहिलेला होत नाही.

शिवाय एकाच वक्तव्यावर गावोगाव गुन्हे. 2024 च्या ऑगस्टमध्ये आपल्या सिन्नर तालुक्यात शहा पंचाळे इथल्या प्रवचनातल्या एका वक्तव्यावरून अनेक ठाण्यांत गुन्हे नोंदवले गेले. लोकांना वाटतं, जितके गुन्हे तितका खटला भक्कम. तसं होत नाही. एकाच घटनेवर दुसरा गुन्हा टिकत नाही हे 2001 पासून ठरलेलं आहे, आणि वृत्तनिवेदक अमिश देवगण यांच्या प्रकरणात, 2020 च्या डिसेंबरात, वेगवेगळ्या राज्यांतले गुन्हे एकत्र करून अजमेरला पाठवले गेले. पन्नास तक्रारींपेक्षा एक नीट लिहिलेली तक्रार तपास अधिकाऱ्याच्या कामाची.

त्र्यंबकेश्वरचं उदाहरण टाळून नाशिकमध्ये हा विषय पुरा होत नाही. मे 2023 मध्ये संदलच्या मिरवणुकीतल्या काहींनी मंदिराच्या दारात धूप दाखवण्याचा प्रयत्न केला, त्यावरून गुन्हा नोंदवला गेला, विशेष तपास पथकही नेमलं. लावलेली कलमं होती 295 आणि प्रयत्नाचं 511. एका बाजूने सांगितलं की ही जुनी रीत आहे, दुसरीने सांगितलं की अशी रीत कधी नव्हती. कोण खरं हा निवाडा व्याख्यानात करायचा नसतो. पण 295 ला हवा असतो तो अपमानाचा हेतू, आणि धूप दाखवणाऱ्याच्या मनात तो होता हे सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षावर असते, हे त्या गदारोळात किती जणांनी विचारात घेतलं?

आता जमावाबद्दल. हा भाग तरुणांनी कान देऊन ऐकावा, कारण हिशेब त्यांच्या बाजूने नाही. आक्षेपार्ह पोस्ट टाकणाऱ्याला जास्तीत जास्त तीन वर्षं. घातक शस्त्र घेऊन दंगलीत उतरणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम 191(3) खाली पाच वर्षांपर्यंत. बेकायदा जमावातल्या एकाने समान उद्देशासाठी काही केलं, तर कलम 190 खाली जमावातला प्रत्येक जण त्याला जबाबदार. पाच किंवा जास्त जणांनी समाज, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून कोणाला ठार केलं तर 103(2): प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. 2023 च्या सप्टेंबरात साताऱ्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव चालून गेला आणि एका माणसाचा जीव गेला. तडजोडीने मिटेल असं हे प्रकरण नसतं.

शिक्षा वाढवा, म्हणजे लोक कायदा हातात घेणार नाहीत, असा युक्तिवाद नेहमी होतो. शेजारी बघा. पाकिस्तानात तेच 1927 चं कलम वारशाने गेलं. 1982 साली 295-ब आलं, जन्मठेपेचं. 1986 साली 295-क, फाशीचं. पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांनी या कायद्यावर टीका केली म्हणून 4 जानेवारी 2011 ला त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांना मारलं. ईशनिंदेच्या आरोपात फाशी सुनावलेल्या ज्या आसिया बीबीची त्यांनी बाजू घेतली ती 31 ऑक्टोबर 2018 ला निर्दोष सुटली, आठ-नऊ वर्षं तुरुंगात काढून. फाशीची तरतूद होऊनही जमाव थांबला नाही. इंग्लंडने उलट 2008 साली ईशनिंदेचा गुन्हाच काढून टाकला. आपण त्यांच्या काळातलं कलम नव्या क्रमांकाने चालवतो आणि ते पुढे निघून गेले, यावर मी जास्त बोलत नाही. तिथली परिस्थिती वेगळी आहे.

मग खरोखर दुखावलेल्या माणसाने करायचं काय? पोस्ट पुढे पाठवायची नाही, निषेधाची ओळ लिहूनसुद्धा नाही. तुम्ही ती आणखी दोनशे जणांना दाखवलेली असते. खात्याचा दुवा, तारीख-वेळ, पूर्ण संभाषण जपून ठेवायचं, ज्या मोबाइलवर दिसलं तो मोबाइल बदलायचा नाही. लेखी तक्रार, पोचपावतीसह. ठाण्याने घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(4) खाली वरिष्ठांकडे, ग्रामीणला अधीक्षक, शहरात आयुक्तालय. तिथेही दाद नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्याकडे 175(3) खाली. आणि सहा महिन्यांनी माहिती अधिकारात एक अर्ज: मंजुरीचा प्रस्ताव कधी गेला, कोणत्या टेबलावर आहे. तपास चालू असल्याचं कारण देऊन नकार येऊ शकतो, तरी अर्जाची नोंद राहते. ठिय्याला पाचशे जण येतात. हा अर्ज करायला एक जण पुरतो, पण तो एक जण बहुधा मिळत नाही.

एक चिठ्ठी आली आहे: 'ग्रुप अॅडमिनवर गुन्हा होतो का?' मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितलं की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी अॅडमिन आपोआप जबाबदार होत नाही. समान हेतू किंवा आधीचा कट दिसावा लागतो. प्रकरण धार्मिक नव्हतं, पण तत्त्व इथेही मांडता येईल. तरी नोटीस आली तर जबाब द्यायला जावं लागतं, आणि चौकशीपुरता मोबाइल जप्त होऊ शकतो. सणासुदीला, मिरवणुकीच्या दिवसांत 'फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतील' हा पर्याय चालू करून ठेवा. सेटिंग्जमध्ये दोनदा बोट लावलं की होतं.