सतराव्या वर्षीचे ग्लोव्हज

मंडळी, आज ग्लोव्हज घेऊन आलेली बरीच मुलं समोर बसली आहेत आणि शेजारी त्यांचे आई-बाबाही आहेत. म्हणून मी एकाच विकेटकीपरबद्दल बोलणार आहे. पार्थिव पटेल. त्याची सगळी कारकीर्द मी सांगणार नाही. मुख्यतः सतराव्या ते एकोणिसाव्या वर्षापर्यंतची सांगेन.

८ ऑगस्ट २००२, नॉटिंगहॅमचं ट्रेंट ब्रिज. अजय रात्रा जखमी झाला आणि अहमदाबादच्या या पोराला कसोटी टोपी मिळाली. त्याचा जन्म ९ मार्च १९८५चा. म्हणजे सतरा वर्षं पाच महिने, आणि त्यातही एक दिवस कमी. कसोटीत एवढ्या लहान वयात कोणी यष्टींमागे उभं राहिलं नव्हतं. आधीचा विक्रम पाकिस्तानच्या हनीफ मोहम्मदचा, १९५२च्या दिल्ली कसोटीतला. तोही सतराचाच होता, पण पार्थिवपेक्षा काही महिन्यांनी मोठा.

पहिल्या डावात पार्थिव शून्यावर गेला. शेवटच्या दिवशी कसोटी वाचवायची होती. द्रविडचं शतक झालं, सचिन ९२वर गेला, गांगुली ९९वर, तरी धोका टळला नव्हता. मग हे पोर तासाभराहून जास्त वेळ खेळपट्टीवर टिकलं, नाबाद १९. सामना अनिर्णित राहिला. त्या १९ धावा आजही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. उंचीनं हेल्मेटसकट तो गोलंदाजांच्या खांद्याला लागत असेल, पण बॅट सरळ होती.

आता हातांकडे येऊ. पार्थिव सहा वर्षांचा असताना त्याच्या डाव्या हाताची करंगळी दारात सापडली आणि तुटली. ग्लोव्हमध्ये ती करंगळी नीट बसत नसे, म्हणून तो ती टेपनं ग्लोव्हला चिकटवून घ्यायचा. किपिंग केलेल्यांना याचा अर्थ लगेच कळेल. लेग साइडचा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजाच्या अंगावरून येतो, तेव्हा झेल पुष्कळदा ग्लोव्हच्या कडेवर ठरतो. अशा हातांनी तो कुंबळेला किपिंग करत होता. कुंबळे फिरकीपटू असला तरी त्याचा चेंडू वेगानं येतो आणि उसळतो. कीपर लवकर उठला की खाली राहिलेला चेंडू पायांतून बाय जातो, उशिरा उठला की मनगटावर आदळतो. त्यात इंग्लंडमधला चेंडू फलंदाजाला ओलांडून गेल्यावरही हवेत डुलतो. हे नेटमध्ये सांगून कळत नाही, शेकडो षटकं खाली बसून अंगात मुरतं.

ती षटकं त्याला कुठे मिळाली होती? माझं दुखणं हेच आहे. कसोटीत आला तेव्हा पार्थिव रणजीचा एकही सामना खेळलेला नव्हता. १७ वर्षांखालच्या आणि १९ वर्षांखालच्या संघांचं नेतृत्व त्यानं केलं होतं, भारत 'अ' संघाबरोबर दौरा केला होता, आणि तिथून तो थेट लॉर्ड्सवाल्यांच्या देशात उभा राहिला. आपल्या मुंबईचे विकेटकीपर नरेन ताम्हाणे यांची पहिली कसोटी १९५५ची. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते.

२००३च्या विश्वचषकासाठी तो संघात होता. यष्टींमागे द्रविड उभा राहिला, पार्थिवला एकही सामना मिळाला नाही. त्याचा अठरावा वाढदिवस त्या स्पर्धेदरम्यानच झाला. ज्या वयात रोज सामने खेळायला हवेत, त्या वयात तो राखीव म्हणून बसून होता.

बॅटनं मात्र त्यानं मन जिंकलं. जानेवारी २००४ची सिडनी कसोटी ही ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉची शेवटची. पार्थिवनं ५० चेंडूंत ६२ धावा ठोकल्या. याच सामन्यात त्यानं वॉला यष्टींमागून डिवचलं, आणि वॉनं त्याला त्याच्या वयाची आठवण करून दिली, हे पार्थिवनंच पुढे सांगितलं आहे. वॉची पहिली कसोटी डिसेंबर १९८५ची, भारताविरुद्धचीच. तेव्हा पार्थिव नऊ महिन्यांचा होता. २००४च्याच एप्रिलमध्ये रावळपिंडीला पार्थिवला सलामीला पाठवलं. सेहवाग पहिल्याच चेंडूवर गेला, पाकिस्तानचा शोएब अख्तर पेटला होता, आणि पार्थिवनं ६९ केल्या. द्रविडच्या २७० सगळ्यांना आठवतात, त्या ६९ फार थोड्यांना.

मग ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला. बंगळुरू, चेन्नई, नागपूर. हातातून संधी निसटल्या. चेन्नईला त्यानं अर्धशतक केलं, पण विकेटकीपरच्या धावा सुटलेल्या झेलांची भरपाई करत नाहीत, निदान लोकांच्या मनात तरी नाही. नोव्हेंबरमध्ये वानखेडेवर दिनेश कार्तिक यष्टींमागे दिसला. डिसेंबरमध्ये धोनी एकदिवसीय संघात आला, तेवीस वर्षांचा, आणि बिहारसाठी रणजीची काही वर्षं खेळून.

पार्थिव तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्या वयात आपली मुलं बारावीनंतर काय करायचं हे ठरवत असतात.

इथं बसलेल्या पालकांपैकी अनेक जण मला विचारतात, मुलाला वरच्या वयोगटात लवकर खेळवू का? मी त्यांना २००४च्या नोव्हेंबरबद्दल सांगतो. कसोटीतून वगळल्यावर त्याच महिन्यात पार्थिवनं गुजरातकडून पहिला रणजी सामना खेळला. लोक रणजीतून कसोटीत जातात, हा उलटा गेला. आणि तिथं तो रुसून बसला नाही. वर्षानुवर्षं सकाळी साडेनऊला, रिकाम्या स्टँडसमोर, खाली बसून उठत राहिला.

नोव्हेंबर २०१६मध्ये, २००८मधल्या कसोटीनंतर आठ वर्षांनी, मोहालीला त्याला पुन्हा कसोटी मिळाली. ४२ आणि नाबाद ६७. दोनच महिन्यांनी इंदूरला रणजीची अंतिम लढत होती, समोर आपली मुंबई. गुजरातला शेवटच्या डावात ३१२ हव्या होत्या. कर्णधार पार्थिवनं पहिल्या डावात ९० केल्या होत्या, दुसऱ्यात १४३ केल्या. गुजरातनं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. मी मुंबईचा, हरल्याचं वाईट वाटलंच, पण तो शतकानंतर हेल्मेट काढून उभा राहिला तेव्हा मी घरात, टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या.