वरचा मजला

(दृश्य: वेरूळ, लेणी क्रमांक १६. अंगणातून वर जाणारा जिना.)

हा कैलास. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, अखंड डोंगर वरून खाली खोदत आणला. आधी शिखर, मग सभामंडप, मग अंगणातले हत्ती. गाभारा वरच्या मजल्यावर आहे आणि तिथं जायला हा जिना.

मी बारा वर्षांचा असताना परभणीहून इथं आलो होतो. मस्क्युलर डिस्ट्रॉफीनं, म्हणजे स्नायू झिजवत नेणाऱ्या आजारानं, पाय तेव्हाच थांबले होते. दोन मामांनी व्हीलचेअर उचलून मला अंगणापर्यंत आणलं. पुढं जमेना. माय वर जाऊन आली. मी विचारलं, काय आहे वर? ती म्हणाली, "काही नाही रे लेकरा, अंधारच आहे नुसता."

(दृश्य: परभणीतलं घर. पलंगावर हेडसेट, शेजारी कॉम्प्युटर.)

मामेभाऊ संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या वर्गातल्या पोरांनी प्रोजेक्ट म्हणून कैलासाचं आभासी रूप तयार केलं. सुट्टीत तो सगळं सामान घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, आता चल वर."

हेडसेट, म्हणजे ते आभासी जग डोळ्यांपुढं आणणारा चष्मा, डोक्याला बांधला. हातात धरायचं बटणांचं यंत्र म्हणजे कंट्रोलर. पहिलीच सूचना आली: कंट्रोलर जमिनीला टेकवा. माझा हात गुडघ्याखाली जात नाही. ते त्यानं करून दिलं. मी बसलेला, पण ते जग उभ्या माणसासाठी मापलेलं, त्यामुळं सगळं माझ्या नजरेच्या वर वर जात होतं. पुढं सरकायला अंगठ्यानं दांडी ढकलायची. काही धरायचं तर मधल्या बोटानं बटण दाबून ठेवायचं. आणि जिना? दोन्ही हातांनी कठडा धरून एकेक पायरी स्वतःला वर ओढायचं. खरंच चढल्यासारखं वाटावं, म्हणून पोरांनी ते मन लावून केलं होतं. माझी बोटं तेवढी मिटत नाहीत. मी पुन्हा अंगणातच राहिलो.

वेरूळच्या जिन्याचा मला कधी राग आला नाही. तो कातळ आहे. एकदा फोडलेला दगड परत लावता येत नाही. पण हा दुसरा जिना गेल्या महिन्यात कुणीतरी कीबोर्डवर बसून लिहिला होता, आणि लिहिलेलं बदलता येतं. त्या रात्री मी मामेभावाला हेच सांगितलं.

वेबचे नियम ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनं २०२१ मध्ये अशा आभासी जगांसाठी गरजांची एक यादीच प्रसिद्ध केली. त्यातली एक मला पाठ आहे: कुठलंही काम करायला शरीराची अमुकच हालचाल लागता कामा नये. आपल्याकडं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही इमारती आणि गाड्यांबरोबर माहिती-तंत्रज्ञान सुगम करा म्हणतो.

(दृश्य: दुरुस्तीचं दुकान. कारागिराचे हात, डाग देण्याचं सोल्डरिंग आयर्न, धूर.)

मग पोरं कामाला लागली. बसलेल्या माणसाची उंची वाढवायला पडद्यावर सरकवायची एक पट्टी टाकली. बटण दाबून ठेवण्याऐवजी एकदा दाबलं की धरलं, पुन्हा दाबलं की सोडलं. जिथं नजर काही क्षण ठरेल, तिथं पोहोचायचं.

राहिलं बटण. मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये दिव्यांग खेळाडूंसाठी एक कंट्रोलर काढला. त्याच्या मागं १९ भोकं आहेत, साध्या इअरफोनच्या पिनेची. ज्याला जे हलवता येतं त्याचं बटण त्यात खुपसायचं: कोपरानं, हनुवटीनं, पायाच्या अंगठ्यानं. कल्पना फार मोलाची, पण वस्तू आमच्या आवाक्याबाहेरची. म्हणून विजेच्या मोटारी भरून देणाऱ्या कारागिरानं जुना माऊस खोलला, क्लिकच्या दोन टोकांना वायरी डागल्या आणि त्या दारावरच्या बेलच्या बटणाला जोडल्या. ते बटण आता माझ्या तळहाताखाली असतं. हलकं दाबलं तरी चालतं.

नॉर्वेत मॅट्स स्टीन नावाचा एक तरुण होता. त्याला डचेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती. २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो गेला. पोरगं एकटंच कॉम्प्युटरपुढं बसून राहिलं, अशी आईबापाला खंत होती. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर मृत्यूची बातमी लिहिली आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळातल्या त्याच्या सोबत्यांची पत्रं येऊ लागली. कितीतरी जणांच्या अडीअडचणीला तो धावून गेला होता. बटणं त्याच्या बोटांना जमत होती, म्हणून हे घडलं. मला ती गोष्ट आठवली की तळहाताखालचं बटण मी एकदा चाचपून बघतो.

(दृश्य: पडद्यावर आभासी कैलास. नजर जिन्यावर ठरते. आपण वर.)

सभामंडप. सोळा खांब, मी मोजले. छतावर नटराज. मागं वळलो तर पुलापलीकडं नंदीचा मंडप. मी तिथं बराच वेळ थांबलो.

हेडसेट काढला तेव्हा माय दारात भाजी निवडत बसली होती.

"माय, तू मला खोटं सांगितलंस."

तिनं मान वर केली नाही. "तू खाली एकटा बसलेला," ती म्हणाली, "मग काय सांगणार होते रे मी?"