खाडा, उचल आणि पाट्या

नमस्कार मंडळी. विषय दिलाय 'कामाच्या जगातली बोली'. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाहवत गेलो तरी तुमच्या हाती काहीतरी लागेल. मजुरी ज्या रीतीने मोजली जाते, त्या रीतीने कामाची बोली घडते. रोजावरची एक, महिन्याच्या पगाराची दुसरी, उक्त्या, म्हणजे इतक्या कामाचे इतके पैसे अशा कामाची तिसरी आणि आता मोबाइलवरच्या कामाची चौथी. चारही आज घ्यायच्या आहेत.

रोजापासून सुरुवात करू, म्हणजे खाड्यापासून. खाडा हा शब्द तुमच्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. कॅलेंडरवर दुधाचे खाडे, पेपरचे खाडे, कामाला येणाऱ्या मावशींचे खाडे. हात वर करा, कुणाच्या घरी अशा फुल्या नाहीत? बघा, एकही हात नाही. आणि महिनाअखेरीला मावशी म्हणतात तीन, आपण म्हणतो पाच. या वादात कॅलेंडर नेहमी आपल्या भिंतीवर असतं, हेही लक्षात घ्या.

गिरणगावात हाच शब्द वेगळा वागायचा. तिथे कायम कामगार आणि बदली कामगार असे दोन थर होते. बदलीवाला भोंग्याच्या आधी गेटवर उभा राहायचा. साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, कायमवाला आला नाही, तर याला त्या पाळीपुरतं काम. म्हणजे एकाचा खाडा ही दुसऱ्याची रोजी. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांच्यात वर्षानुवर्षं 'बदली' म्हणूनच राहिलेले कितीतरी होते. आणि ज्या रविवारच्या सुट्टीला आपण आज हक्क म्हणतो, ती गिरणी कामगाराला मिळाली १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लढ्यानंतर. लोखंड्यांवर एक स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं, संयोजकांना मी दरवर्षी सांगतो.

पण खाड्याचं खरं रूप बघायचं तर उसाच्या फडात जावं लागेल. इथे मी जरा थांबणार आहे.

बीडकडच्या एका मुकादमाची, म्हणजे ऊसतोड मजुरांची टोळी नेणाऱ्याची, वही मी पाहिली आहे. शाळेतल्या मुलांची असते तशी, शंभर पानी, कोपरे मुडपलेली, चिपाडाचे तुकडे आत अडकलेले. डावीकडे नावं. सगळी पुरुषांची. बायकांची नावं कुठे, म्हणून विचारलं. "नवरा-बायको मिळून एक कोयता, सर. एका कोयत्याला एकच नाव." बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून ट्रकमध्ये चढवते, आणि वहीत ती निम्मा कोयता. एकट्या माणसाला तर 'अर्धा कोयता'च म्हणतात. नावापुढे उचलीचा आकडा. उचल म्हणजे हंगामाआधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास हातात पडलेली रक्कम. ती टनाच्या हिशोबाने फेडायची. फेडली तर 'फिटली', नाही तर 'अंगावर राहिली', आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. 'अंगावर राहिली' हे शब्द ऐका. कर्ज बँकेत राहत नाही, खात्यावर राहत नाही, अंगावर राहतं.

आणि त्या आकड्यांच्या पुढे, बारक्या अक्षरात, 'ख'. जिथे जिथे 'ख', तिथे खाडा. पण हा आपल्या कॅलेंडरवरचा खाडा नव्हे. इथे त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंड बसतो. ५०० रुपये, कुठे १००० रुपये, तोही दर कोयत्याला. म्हणजे बायको आजारी पडली तर नवऱ्याचाही खाडा. एका नावापुढे सलग चार 'ख' होते. मी बोट ठेवलं. तो सहज म्हणाला, "ती बाळंत झाली होती ना फडातच."

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९मध्ये राज्यभर चर्चा झाली, सरकारला समिती नेमावी लागली. तेव्हा पुण्या-मुंबईत लोक विचारत होते, या बायका असं का करतात? त्या बायका उत्तर देत होत्या, तेही एकाच शब्दात: खाडा पडतो. पाळीच्या दिवसांत अंग चालत नाही, खाडा पडतो, दंड उचलीत चढतो, उचल अंगावर राहते. ज्यांच्या कॅलेंडरवर खाडा म्हणजे दुधाच्या बिलातून वजा होणारे पन्नास रुपये, त्यांना हे उत्तर ऐकूच गेलं नाही. माझी तक्रार शब्दकोशांविषयी नाही. माझी तक्रार आपल्या कानांविषयी आहे.

आता पाट्या. 'तो नुसत्या पाट्या टाकतो' असं आपण ऑफिसातल्या माणसाविषयी म्हणतो. पाटी टाकणारा माणूस खरंच पाहिलाय का? १९७२च्या दुष्काळातल्या कामांवर ज्यांच्या घरचे गेले असतील, त्यांना हे चित्र आठवेल. एक जण टिकावाने खणतो, दुसरा फावड्याने पाटी भरतो, आणि बाई ती डोक्यावर घेऊन बांधावर नेऊन टाकते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, उन्हात, सुकडीवर. आता रोज ठरलेला असेल तर पाटी काठोकाठ भरली काय आणि निम्मी भरली काय, पैसे तेवढेच, म्हणून कामचुकारपणाचा अर्थ आला असावा असं मला वाटतं. असेलही. पण पंख्याखाली बसून फायली सरकवणाऱ्याला तोच शब्द लावला की मला राग येतो. जगातलं सगळ्यात जड काम आपण आळसाचं नाव म्हणून वापरतो.

हमालीचं तेच. 'दिवसभर हमाली केली आणि नाव दुसऱ्याचं झालं' असं पगारदार म्हणतो. मार्केट यार्डातल्या पट्टीवर, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या पावतीवर मात्र हमाली, तोलाई, वाराई हे स्वच्छ, ठरलेले, भांडून मिळवलेले दर असतात. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पुण्यात हा शब्द ताठ मानेने उच्चारायला शिकवलं. १९६९च्या माथाडी कायद्यामागेही अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली संघटना होती. पाठीवर पोतं घेणाऱ्याला भविष्यनिर्वाह निधी मिळाला, तो त्या कायद्याने.

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. बरं, भरभर सांगतो.

महिन्याच्या पगाराची बोली: दांडी मारणे, टंगळमंगळ, टाइमपास, साहेबाला मस्का. सगळे शब्द वेळेविषयी आणि साहेबाविषयी, कामाविषयी एकही नाही. कारण पगार वेळेचा मिळतो आणि बढती साहेबाच्या हातात असते. दांडी मारून पगार मिळतो, खाडा करून मिळत नाही. दोन्ही शब्दांचा अर्थ गैरहजेरीच, पण 'आज दांडी मारली' असं माणूस हसत सांगतो आणि 'आज खाडा झाला' असं सांगताना कुणी हसत नाही.

उक्तं काम, मराठवाड्यात गुत्तं: इथे शब्द वेगाचे. 'उरकणे', 'अंगावर घेणे', 'हात चालवणे'. इथे कुणी पाट्या टाकत नाही, कारण टाकल्या तर स्वतःचंच नुकसान.

आणि चौथी, ॲपवरची. ऑर्डर पोचवणाऱ्या पोरांशी बोला. मुकादम नाही, वही नाही, 'ख' नाही. त्यांची भीती एकच: 'आयडी ब्लॉक झाली.' मजुरी ऑर्डरमागे मोजली जाते, म्हणजे हे उक्तं काम. इन्सेंटिव्हसाठी ठरलेल्या वेळी लॉगिन असावंच लागतं, म्हणजे हे रोजाचंही काम. दोन्हीकडचा धाक एकत्र, आणि भांडायला समोर माणूस नाही. 'खाडा का लावला?' असं मुकादमाला निदान विचारता येतं. आयडी का ब्लॉक झाली हे कुणाला विचारायचं, ते या पोरांना ठाऊक नसतं. म्हणून त्यांच्या बोलीत मालकासाठी शब्दच नाही. 'कंपनी'सुद्धा क्वचित म्हणतात. 'ॲपने कापले' म्हणतात.

शेतातल्या सालगड्याची बोली पूर्ण राहिली, तिच्यात सगळ्यात जुने शब्द आहेत. ती प्रश्नोत्तरांत घेऊ. कुणाच्या घरी सालगडी होता किंवा कुणाचे आजोबा सालाने राहिले होते, त्यांनी आधी बोलावं.