सातारकरांनो, इलेक्ट्रिक की पेट्रोल? आधी वीजबिल काढा!

नमस्कार मंडळी. नवीन गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "रेंज किती देते?", म्हणजे एका चार्जवर किती किलोमीटर जाते. माझा पहिला प्रश्न वेगळा आहे. तुमची गाडी रात्री कुठे उभी राहते?

शाहूपुरीत, गोडोलीत स्वतःचं घर आहे, अंगणात गाडी लागते, भिंतीवर आपलाच मीटर आहे, तर निम्मा निर्णय इथंच झाला. पण शनिवार पेठेत वाड्याच्या माडीवर राहता आणि गाडी बोळाच्या तोंडाशी जागा मिळेल तिथं लावता, तर इलेक्ट्रिक कार सध्या नको. खिडकीतून रस्त्यावर वायर सोडून चार्जिंग करणं धोक्याचं आहे. पेठेतल्या माणसाला स्कूटर हवी असेल तर बॅटरी काढून वर नेता येते अशी बघा, ती जमते.

(महावितरणचं बिल कॅमेऱ्यासमोर धरून)

हे बघा, बिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती लोड घ्यायची परवानगी आहे ते. घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर कार साधारण ३ किलोवॅटच्या पुढे लोड घेते, तेही सलग आठ-दहा तास. तुमचा मंजूर भार १ किंवा २ किलोवॅट असेल तर आधी अर्ज करून वाढवून घ्या. मग मीटरपासून वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, आणि नवीन अर्थिंग. जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं, आणि ते नीट नसेल तर बरेच चार्जर चार्जिंग सुरूच करत नाहीत. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात वापरू नका. इस्त्री अर्धा तास चालते, गाडी रात्रभर चालते. पिन जरा सैल असली तरी तापून प्लास्टिक वितळतं.

आता पैशाचं. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे. कारला १५ चं अ‍ॅव्हरेज धरा, म्हणजे किलोमीटरला साधारण ७ रुपये. इलेक्ट्रिक कार, चार्जिंगमधली गळती धरून, एका युनिटला ६ किलोमीटर जाते असं समजू. युनिटला १५ रुपये धरले तर अडीच रुपये पडतात. पंधरा का धरले? महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे दीडशेच्या वर युनिट जादा. आज ज्यांचं बिल शंभर युनिटच्या आत आहे, त्यांचा दराचा टप्पाच बदलणार, वरच्या युनिटना चढा दर लागणार. तरीही किलोमीटरमागे साडेचार रुपये वाचतात.

समजा इलेक्ट्रिक गाडी ३ लाखांनी महाग पडली. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचा फरक साडेपाच वर्षांत निघतो. बऱ्याच कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात, त्यामुळे हा हिशेब पटण्यासारखा आहे. पण गाडी फक्त रविवारी निघते, महिन्याला ३०० किलोमीटर, तर अठरा वर्षं लागतील. अशा घरानं खुशाल पेट्रोल घ्यावं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासून ५ टक्केच आहे, म्हणून किमतीतला फरक पुन्हा थोडा वाढला.

आता सातारकरांचा खास प्रश्न: घाट! सातारा ते कास पठार चढ साधारण ५०० मीटरचा. माणसं धरून १७०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला सव्वादोन युनिट वीज लागते, आणि पंचवीसेक किलोमीटरच्या अंतराची तीन-चार युनिट वेगळी. ३० युनिट (kWh) वीज मावणाऱ्या बॅटरीतून चढाचे आठ टक्के जादा गेले, एवढंच. आणि खरी गंमत उतारावर आहे. पेट्रोल गाडीत ब्रेक तापतात आणि ती ताकद हवेत जाते. इलेक्ट्रिक गाडीची मोटर उतारावर जनित्र होते आणि चढाला लागलेल्या विजेचा बराच भाग बॅटरीत परत टाकते.

पण एक काळजी घ्या, आणि हे सेल्समन सहसा सांगत नाही. पाचगणीत मुक्काम केला, रात्री १०० टक्के चार्ज केली आणि सकाळी पसरणी घाट उतरायला लागलात, तर परत आलेली वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. मग सगळा भार ब्रेकवर येतो. वर मुक्काम असेल तर ८५-९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा.

पुणे? जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर, वाटेत खंबाटकी, त्यात हायवेचा वेग. ३० युनिटच्या बॅटरीवर हे एका दमात करायला जाऊ नका. पुण्यात किंवा हायवेवर चार्जिंगला थांबावं लागेल आणि तिथला दर घरच्यापेक्षा चढा असतो. आठवड्यातून दोन-तीनदा पुणे करणाऱ्यानं ४० युनिटच्या पुढची बॅटरी बघावी.

"वीज शेवटी कोळशाचीच ना?" असं कोणीतरी म्हणणारच. कोयना आपल्या जिल्ह्यात असली तरी राज्याची बरीचशी वीज कोळशाचीच आहे, हे खरं. पण पेट्रोल इंजिनात इंधनातली पाऊण ताकद उष्णता होऊन वाया जाते, मोटरमध्ये दहा-पंधरा टक्केच. आणि स्लॅबचं घर असेल तर ३ किलोवॅटचं सोलर बसवा. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजारांचं अनुदान आहे आणि उन्हाच्या दिवशी बाराएक युनिट मिळतात. गाडीचं रोजचं भागून वर घरालाही उरतं.

शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्ह हायवेवर देतात, तिथं समाधान मानू नका. घरची चार माणसं बसवा आणि यवतेश्वर घाटात चला म्हणा. एसी चालू ठेवा. घाटाच्या पायथ्याला बॅटरीचे टक्के लिहा, वर गेल्यावर लिहा, खाली आल्यावर पुन्हा लिहा. ते तीन आकडे आणि गाडीचं मॉडेल कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत सगळ्या गाड्यांचे आकडे एकत्र मांडतो.