संगीतासाठी तिकीट: स्वतंत्र आयोजकाची सुरुवात

मित्रहो, क्लबमध्ये किंवा एखाद्या छोट्या दालनात लाइव्ह संगीताचे कार्यक्रम लावण्याचा व्यवसाय ज्यांना कोणत्याही मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय सुरू करायचा आहे, त्यांच्यासाठी आजचे बोलणे आहे. या व्यवसायात जागा आयोजकाची नसते, वाद्ये त्याची नसतात, गाणी त्याची नसतात. आणि तरीही त्या संध्याकाळी लोक आले नाहीत तर होणारे नुकसान मात्र त्याचे असते. जागेच्या मालकाला बारची विक्री असते, कलाकाराला ठरलेले मानधन असते. आयोजकाजवळ असतात ती केवळ विकली गेलेली तिकिटे. म्हणून आज मी जे काही सांगणार आहे ते एकाच आग्रहाभोवती आहे: पहिल्या कार्यक्रमापासून लोकांनी संगीतासाठी पैसे द्यावेत, आणि आपण ते संगीतासाठी दिले हे त्यांना स्पष्टपणे कळावे.

हा आग्रह धरावा लागतो, कारण आपल्या शहरांतील रूढ पद्धत नेमकी याच्या उलट आहे. मुंबई-पुण्यातील अनेक क्लबांत दाराशी जो कव्हर चार्ज घेतला जातो, तो नंतर खाण्यापिण्याच्या बिलातून वळता करून मिळतो. पाहुण्याची समजूत अशी होते की गाणे फुकट होते आणि पैसे जेवणाचे गेले. मालकाच्या वहीत बँडचे मानधन रोषणाईच्या किंवा सजावटीच्या खर्चाशेजारी जाऊन बसते, आणि बँड चांगला की वाईट याचा निवाडा त्या रात्रीच्या बारच्या गल्ल्यावरून होतो. ज्या बँडचे श्रोते शांतपणे उभे राहून दोन तास ऐकतात आणि पाण्याची एखादी बाटली घेऊन घरी जातात, तो बँड दालन भरूनही नापास ठरतो. माझ्या मते स्वतःची गाणी करणाऱ्या कलाकारांचे आपल्याकडे सर्वांत मोठे नुकसान या एका पद्धतीने केले आहे. त्यामुळे मालकाशी बोलताना पहिली मागणी ही करावी: बारचा सर्व पैसा तुमचा, दाराचा सर्व पैसा आमचा, आणि तिकीट बिलातून वळते होणार नाही. शुक्रवार-शनिवारी कोणताही मालक हे मान्य करणार नाही. मंगळवारी किंवा बुधवारी, ज्या दिवशी त्याचे दालन एरवी रिकामे असते, त्या दिवशी तो निदान ऐकून घेईल.

महाराष्ट्राला हा व्यवहार नवा नाही. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसे तेथे येऊन सुपारी ठरवतात. तेथे पैसा गाव देते, प्रेक्षकाला तिकीट नसते आणि फडमालकाला आपली रक्कम आधीच ठाऊक असते. तेच मोठे फड इतर दिवसांत स्वतःचा तंबू ठोकून तिकिटावर खेळ लावतात, तेव्हा पाऊस, परीक्षा, शेजारच्या गावचा बाजार या सगळ्यांचा धोका फडमालक स्वतः उचलतो. मराठी नाटकातही निर्माता प्रयोग ठेकेदाराला ठरावीक रकमेत देतो किंवा तिकीटविक्री स्वतःच्या अंगावर घेतो, आणि नटांना प्रयोगागणिक ‘नाइट’, म्हणजे ठरलेले मानधन, मिळते. ज्या तरुणाला उद्या क्लबमध्ये कार्यक्रम लावायचा आहे, त्याने एखाद्या नाट्यव्यवस्थापकाजवळ बसून दोन-चार प्रयोगांचा हिशेब समजून घ्यावा, असे मी मनापासून सुचवेन. तारीख कशी धरतात, जाहिरात कधी देतात, कमी बुकिंग दिसले की काय करतात, हे तेथे जितके शिकायला मिळते तितके परदेशी क्लबांवरील माहितीतून मिळत नाही.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे येतो. आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या शहराप्रमाणे ते बदलतील, पण त्यांची मांडणी बदलणार नाही. दीडशे माणसे उभी राहतील असे दालन आहे आणि तिकीट ४५० रुपये आहे असे धरू. बाहेरगावचा चौघांचा बँड बोलावला, तर येण्याजाण्याचे ८,००० रुपये, राहण्याजेवणाचे ५,०००, ड्रमसेट आणि अँप्लिफायर भाड्याने आणण्याचे ६,०००, साउंड इंजिनिअरचे ५,०००, पोस्टर आणि छायाचित्रणाचे ३,५००, लोक कितीही आले तरी बँडला द्यायच्या किमान हमीचे १०,००० आणि तिकीटविक्रीचे कमिशन व संगीत परवाना यांसाठी बाजूला काढलेले ३,००० असे मिळून ४०,५०० रुपये होतात. म्हणजे ९० तिकिटे विकली गेली की खर्च निघतो. दालनाच्या साठ टक्क्यांवर खर्च निघेल अशीच बांधणी सुरुवातीला असावी. ज्याचा हिशेब नव्वद टक्के दालन भरल्यावर जुळतो, त्याने तो कार्यक्रम लावूच नये. बँड स्वस्तात मागू नये, दालन बदलावे किंवा जवळचा बँड घ्यावा. समजा १३० माणसे आली, तर वरच्या ४० तिकिटांचे १८,००० रुपये उरतात, आणि ७०-३० अशी वाटणी ठरली असेल तर १२,६०० बँडला व ५,४०० आयोजकाला मिळतात. ही रक्कम लहान आहे, हे मी लपवत नाही. मात्र तिचा प्रत्येक रुपया संगीत ऐकायला आलेल्या माणसाने दिलेला आहे, आणि म्हणूनच पुढच्या महिन्यात तो माणूस पुन्हा येण्याची शक्यता खरी आहे.

तिकीट ४५० धरण्यामागे आणखी एक कारण आहे. संगीताच्या कार्यक्रमाचे प्रवेशशुल्क माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. त्याच्या वर गेले की १८ टक्के लागतो. नवख्या आयोजकाने या मर्यादेच्या आत राहणे शहाणपणाचे आहे.

परवान्यांचा विषय कंटाळवाणा वाटतो, पण कार्यक्रम सुरू असताना पोलीस दाराशी आले की तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो. बृहन्मुंबईत करमणुकीच्या जागा आणि सादरीकरणे यांना पोलिसांचा परवाना लागतो. ज्या १९६० च्या नियमांखाली तो मिळतो त्यांच्या शीर्षकातच मेळे आणि तमाशे यांचा उल्लेख आहे. दालनाच्या मालकाकडे लाइव्ह सादरीकरणाचा परवाना आहे का, तो कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि त्यात किती वाजेपर्यंतची मुभा आहे, हे तोंडी न विचारता कागद पाहून तपासावे. संगीताच्या हक्कांचे दोन वेगळे भाग आहेत. गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांच्या वतीने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी परवाना देते. ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची असतील, म्हणजे डीजे असेल किंवा दोन बँडांच्या मध्ये गाणी लावायची असतील, तर ध्वनिमुद्रणाच्या मालकांचा परवाना वेगळा लागतो. बँड स्वतःचीच गाणी वाजवणार आहे, मग परवाना कशाला, असे अनेक जण विचारतात. त्या बँडचे संगीतकार सोसायटीचे सदस्य असतील तर सादरीकरणाचा हक्क त्यांनी सोसायटीकडे सोपवलेला असतो, म्हणून परवाना लागतो. आणि वाजवलेल्या गाण्यांची यादी आपण नीट भरून दिली तर त्यातला पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी होते. ही यादी देणे हे आयोजकाचे कलाकाराप्रती कर्तव्य आहे, असे मी मानतो.

आवाजाचा कायदा आपल्या व्यवसायाचा नकाशा ठरवतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. एके काळी रात्र जागवणारा, १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सवही आज घड्याळ पाहून चालतो, यावरून या नियमाचा आवाका लक्षात यावा. मुंबईत रंगभवनाचे काय झाले तेही आठवा. १९७८ मध्ये सुरू झालेली जॅझ यात्रा आणि १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हे दोन्ही संगीत महोत्सव ज्या खुल्या रंगमंचाशी जोडले गेले, तो परिसर रुग्णालये आणि शिक्षणसंस्था यांच्या सान्निध्यामुळे शांतता क्षेत्रात मोडला आणि तेथील संगीत बंद पडले. त्यानंतर शहरातील हे संगीत बंदिस्त दालनांकडे वळले. लोअर परळच्या मथुरादास मिल आवारात २००७ मध्ये उघडलेल्या ब्लू फ्रॉगने स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडना नियमित मंच दिला; २०१६ मध्ये तेही बंद झाले. नियमांत बंद दालनाला सवलत आहे, पण आवाज भिंतीबाहेर गेला की शेजाऱ्यांची तक्रार ग्राह्य असते. म्हणून साउंडचेकच्या, म्हणजे कार्यक्रमापूर्वी आवाज तपासण्याच्या, वेळी आयोजकाने स्वतः इमारतीबाहेर जाऊन, शेजारच्या घरांच्या खिडक्यांखाली उभे राहून ऐकावे. ‘बास’चा धक्का कोठून बाहेर येतो हे आत उभे राहून कळत नाही.

सुरक्षिततेबद्दल मी थोडक्यात पण ठामपणे बोलतो. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांत लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. दालनात किती माणसांची परवानगी आहे, बाहेर पडण्याच्या वाटा कोणत्या आणि त्या मोकळ्या आहेत का, हे तारीख धरण्यापूर्वी पाहावे. मागच्या दारासमोर खुर्च्या किंवा मद्याचे क्रेट रचलेले दिसले आणि मालक ते हलवायला तयार नसला, तर ती जागा सोडून द्यावी.

श्रोत्यांविषयी मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण स्वतंत्र आयोजक दीर्घकाळात जे उभे करतो ते श्रोतेच असतात. बहुतेक नवे आयोजक वर्षातून एक मोठा कार्यक्रम करण्याचे स्वप्न पाहतात. त्याऐवजी एकच दालन, महिन्याचा एकच ठरलेला वार आणि ठरलेली वेळ वर्षभर पाळावी. कार्यक्रम साडेसातला सुरू होईल असे छापले तर तो साडेसातलाच सुरू करावा आणि साडेदहाच्या आत संपवावा, म्हणजे डोंबिवलीच्या किंवा वसईच्या श्रोत्याला शेवटच्या लोकलची धास्ती न बाळगता शेवटचे गाणे ऐकता येईल. क्लबचा शिरस्ता उशिरा सुरू करण्याचा असतो, कारण उशिरापर्यंत बार चालतो; तिकीट घेऊन आलेल्या माणसाचा मात्र त्यात अपमान होतो. एकट्या येणाऱ्या मुलीला दारापासून रिक्षापर्यंत कोणताही त्रास होणार नाही याची जबाबदारी रखवालदारावर सोडून देता येत नाही. आयोजकाने किंवा त्याच्या माणसाने कार्यक्रम संपेपर्यंत दाराशी उभे राहिले पाहिजे.

वयाचा प्रश्नही येथेच येतो. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी किमान वय २५ आहे, आणि त्यामुळे अनेक क्लब महाविद्यालयीन मुलांना आतच घेत नाहीत. नवे संगीत सर्वांत उत्सुकतेने ऐकणारा वर्ग असा दाराबाहेर राहतो. त्यांच्यासाठी रविवारी दुपारी, बार बंद ठेवून, एखाद्या शाळेच्या किंवा संस्थेच्या सभागृहात कार्यक्रम करावा. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७० च्या दशकात प्रायोगिक नाटकाने आपला प्रेक्षक घडवला, तो साध्या खुर्च्या, अल्प तिकीट आणि प्रयोगांचे सातत्य यांच्या बळावर. संगीतालाही तशी जागा मिळू शकते, असा माझा विश्वास आहे. पुण्यात २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा मोठा महोत्सव सुरू करणाऱ्या ओन्ली मच लाउडर या कंपनीची स्थापना २००२ ची आहे. त्या आधीच्या आठ वर्षांत बँडचे व्यवस्थापन आणि लहान-मोठे कार्यक्रम यांतून जे काम झाले, त्याकडे महोत्सवाच्या झगमगाटात कोणाचे लक्ष जात नाही.

बँडशी केलेला करार एका पानाचा असला तरी चालेल, पण तो लेखी असावा. किमान हमी किती, वाटणी कोणत्या खर्चानंतर, कार्यक्रम रद्द झाल्यास प्रवासखर्च कोणाचा, वाद्ये आणि माइक यांची यादी काय, साउंडचेक किती वाजता, हे त्यात असले पाहिजे. वाद्यांची यादी आली की ती त्याच दिवशी साउंड इंजिनिअरला पाठवावी. कार्यक्रमाच्या दुपारी वाद्य ध्वनियंत्रणेला जोडणारा ‘डीआय बॉक्स’ शोधत फिरण्याची वेळ कलाकारावर येऊ नये. हिशेब त्याच रात्री, बँड दालन सोडण्यापूर्वी, विकलेल्या तिकिटांची यादी समोर ठेवून करावा आणि पैसे तेथेच द्यावेत. मालकालाही तीच यादी दाखवावी. सलग तीन महिने दालन भरले आणि दाराशी लोक परत पाठवावे लागले, की मगच तीनशेच्या दालनाची चौकशी सुरू करावी, आणि तेथेही तिकीट ५०० च्या आतच ठेवावे.